रंग उजळला, पण रक्त आटले

आसेगावचा बाजाराचा दिवस. दवाखान्यात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. एक माय आपल्या एकोणीस वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मुलीने दुपट्ट्याने तोंड गच्च बांधले होते. आपल्याकडच्या उन्हात सगळ्याच मुली तोंड बांधतात, म्हणून मला विशेष काही वाटले नाही. पण आत आल्यावरही ती दुपट्टा सोडेना. शेवटी आईने रागावून सोडायला लावला, तेव्हा मी क्षणभर बघतच राहिले. दोन्ही गाल कुणी थोबाडीत मारावी तसे लाल झाले होते. त्यावर बारीक शिरांचे जाळे दिसत होते, मुरूम उठले होते आणि हनुवटीवर लव वाढली होती. उन्हात गेले की आग होते, चुलीपाशी बसले तरी आग होते, असे ती खाली मान घालून सांगत होती.

"काय लावत होतीस?" मी विचारले. मुलगी गप्प. आईने बाजाराच्या पिशवीतून एक पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली. काही विशिष्ट चर्मरोगांवर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवस लावायचे ते औषध होते. त्यात तीव्र स्टिरॉइड असते. या मुलीने ते आठ महिने, दिवसातून दोन वेळा, रंग गोरा होण्यासाठी लावले होते. शेजारच्या मुलीने नाव सांगितले, दुकानात मागितले आणि चिठ्ठीशिवाय मिळाले.

मी रागावणार हे पाहून माय रडवेली होऊन म्हणाली, "काय करू जी बाई, तीन स्थळं आले अन् वापस गेले. पोरगी शिकेल हाय, कामाची हाय. पण रंगावर येऊन अडते. पाहून गेले अन् निरोपच नाही धाडला."

वाचकहो, गोऱ्या-काळ्या रंगाचा आणि आरोग्याच्या सदराचा संबंध काय, असे कोणी विचारील. आवडनिवड ज्याची त्याची, डॉक्टरांनी औषधपाण्यापुरते बोलावे, असेही कोणी म्हणेल. पण इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मी सांगते, की रंगाच्या हव्यासाने आपल्या मुलींचे जे नुकसान होते ते केवळ मनाचे नसते. ते कातडीचे असते, मूत्रपिंडाचे असते आणि रक्ताचेही असते. म्हणूनच आजचा लेख.

सुरुवात बाळंतिणीच्या खोलीतून

बाळंतपण झाले की बाहेर थांबलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मुलगा की मुलगी? दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, आणि मुलगी असेल तर तो हमखास येतो. "रंगानं कशी आहे?" बाळ रडले का, वजन किती भरले, आईला रक्तस्राव किती झाला, हे प्रश्न नंतर येतात, आणि कधी येतच नाहीत. मीही यातून सुटलेली नाही, हे कबूल करते. मुलगी झाली म्हणून चेहरे पडलेले पाहून, त्यांना बरे वाटावे म्हणून, "छान गोरीगोमटी आहे हो," असे मी कितीतरी वेळा म्हटले आहे. आज वाटते, त्या एका वाक्याने मीही त्या लेकराला जन्मल्या जन्मल्या तराजूत बसवले.

पुढे तराजू सुटत नाही. पाच वर्षांची झाली की, "उन्हात खेळू नको, काळी पडशील." दहावीत गेली की बेसन, साय, लिंबू. लग्नाला आली की, "उजव्या बाजूने फोटो काढा, त्या बाजूने उजळ दिसते." वधू पाहिजे म्हणून ज्या जाहिराती छापून येतात त्या काढून पाहा. शिक्षण, उंची, नोकरी यांच्या आधी 'गोरी, सुंदर' हे शब्द असतात. मुलगा कसाही असो, त्याला 'निर्व्यसनी' एवढे पुरते.

गंमत अशी, की आषाढीला पायी पंढरपूरला जाऊन सावळ्या विठ्ठलापुढे लोटांगण घालणारा माणूसच घरी येऊन सून मात्र गोरी मागतो. देव सावळा चालतो, सून चालत नाही.

आणि हा सावळा रंग येतो कुठून? एक तर तो आईबापांकडून येतो. दुसरे म्हणजे, आपल्या भागातल्या बाया निंदण, सोयाबीनची सोंगणी, कपाशीची वेचणी भर उन्हात करतात. कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ऊन पडले की शरीर ते जास्त तयार करते, कारण ते उन्हातील घातक किरणांपासून आतल्या पेशींचा बचाव करते. म्हणजे शेतावरच्या बाईच्या अंगावर निसर्गाने धरलेली ती छत्री आहे. आपण त्या छत्रीलाच दोष देतो.

जाहिरातीने काय केले

गोऱ्या रंगाचे कौतुक आपल्याकडे जुनेच आहे, ते काही टीव्हीने आणले नाही. पण पूर्वी ते कौतुक नशिबावर सोडलेले होते. जन्मतः मिळाला तो रंग, त्यावर उपाय नाही, म्हणून माणसे निदान थांबत होती. रंग हा दोष आहे आणि तो विकत घेतलेल्या वस्तूने घालवता येतो, ही शिकवण जाहिरातींनी दिली.

हिंदुस्थान लिव्हर कंपनीने 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम १९७५ साली बाजारात आणले. पुढे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि गावोगावी टीव्ही पोहोचला. मग त्याच साच्याची गोष्ट आपण वर्षानुवर्षे पाहिली. सावळी मुलगी खिन्न बसलेली, कोणी तिला क्रीम देते, काही आठवड्यांत ती उजळते आणि तिला नवरा मिळतो. काळ बदलला तशी नवऱ्याच्या जागी नोकरी आली. मुलगी शिकली म्हणून नव्हे, तर गोरी झाली म्हणून तिला नोकरी मिळाली, हे दाखवायला त्यांना काही वाटले नाही. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३ साली काही जाहिराती पडद्यावरून काढाव्या लागल्या. २००५ साली पुरुषांसाठीही गोरेपणाचे क्रीम निघाले. २०१४ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने नियम केला, की सावळ्या माणसाला दुःखी किंवा कमी लेखलेले दाखवू नये. २०२० साली अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध मोठे आंदोलन झाले, त्याचे पडसाद जगभर उमटले, आणि त्याच वर्षी 'फेअर' हा शब्द जाऊन क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले.

नाव बदलले, हे चांगलेच झाले. पण पंचेचाळीस वर्षांत मनात जे रुजले ते डबीवरचे नाव बदलून जात नाही. आता तर हातातल्या मोबाइलमध्ये फोटो काढला की यंत्रच चेहरा उजळ करून देते. मुलगी तो फोटो बघते, मग आरसा बघते, आणि आरसा तिला खोटा वाटू लागतो.

एक गोष्ट स्पष्ट करते. नावाजलेल्या कंपन्यांच्या क्रीममध्ये विष असते असे मी म्हणत नाही. त्यांच्या जाहिरातींनी भूक लावली, एवढेच माझे म्हणणे आहे. ती भूक त्या क्रीमने भागत नाही, कारण रंग जाहिरातीत दाखवतात तसा बदलत नाही. मग मुलगी 'त्याहून जालीम' काही शोधू लागते. आणि खरा धोका तिथे आहे.

जालीम उपाय दोन

पहिला जालीम उपाय म्हणजे आमच्या त्या मुलीने लावलेले स्टिरॉइडचे मलम. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन अशी त्यांची नावे असतात. कशात त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोनही असते. हे लावले की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, पुरळ दबते, आणि पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरोखर उजळ दिसतो. सगळे कौतुक करतात. तिथेच माणूस फसतो. पुढे कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, लव वाढते. थांबवायला जावे तर आग होते आणि चेहरा आणखी लाल होतो, म्हणून घाबरून पुन्हा तेच लावले जाते. दारूसारखीच गत.

हे फक्त आसेगावातच दिसते असे नाही. देशातल्या बारा ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली होती, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या ३९२ जणांना त्याचे दुष्परिणाम झालेले होते. त्या ४३३ मधले १२६ जण ते गोरेपणाचे किंवा रोजच्या वापराचे क्रीम म्हणून लावत होते. सरकारने २०१८ साली चौदा स्टिरॉइड मलमे 'अनुसूची एच' मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कायदा झाला. पण दुकानात नाव घेतले की ट्यूब पुढे येते, हा अनुभव अजून जुनाच आहे.

दुसरा जालीम उपाय त्याहून भयंकर, तो म्हणजे पारा. बिननावाच्या डब्या, परदेशी लिपीतल्या डब्या, कुणीतरी घरी कालवून दिलेली मलमे, यांत पाऱ्याचे क्षार सापडतात. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो. पण तो कातडीवर थांबत नाही. कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो.

२०२३ सालच्या सुरुवातीला अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, तेच क्रीम लावत होत्या. एकीचा रंग उजळलेला पाहून बाकीच्या दोघींनी ते सुरू केले. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. शोध घेता घेता तपास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयापर्यंत गेला आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला. अकोला म्हणजे काही दूरचे शहर नव्हे. १९९८ पर्यंत आपला वाशीम भाग त्याच जिल्ह्यात होता. आपली लग्नाची खरेदी तिथे, आपल्या लेकीबाळी तिथे शिकायला.

केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही हेच दिसले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण त्यांच्याकडे आले. त्यांतल्या १५ जणांचा आजार एका विशिष्ट प्रकारचा होता आणि त्या १५ मधले १३ जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. समाधानाची गोष्ट इतकीच, की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला. पण त्यासाठी आधी कोणीतरी "चेहऱ्याला काय लावता?" हा प्रश्न विचारावा लागतो. आपण डॉक्टर मंडळी तो विचारत नाही आणि बाया लाजेने सांगत नाहीत.

भारताच्या २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आला तरी दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नावच नाही, तिला नियम कोण लावणार?

फिकटपणाला गोरेपणा म्हणू नका

आता तिसरी गोष्ट. तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते.

एक आई आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला कंबरदुखीसाठी घेऊन आली आणि कौतुकाने म्हणाली, "या वर्षी पोरगी चांगली उजळली पाहा." मी मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखे पाहिली. सगळे पांढरे. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. बारापेक्षा कमी असू नये ते सात! पाळीत जास्त अंगावर जात होते, जिना चढताना धाप लागत होती, आणि घरातले रंग उजळला म्हणून खूश होते. आयुर्वेदाने या आजाराला पांडुरोग असे नाव दिले. पांडू म्हणजे फिकट. आपल्या पूर्वजांनी ज्याला रोग म्हटले, त्याला आपण रूप म्हणू लागलो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे चौपन्न जणींना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त!

याहून वाईट प्रकार गरोदरपणात होतो. एका सुनेला सातव्या महिन्यात पायांवर सूज आणि धाप घेऊन आणले. लोहाच्या गोळ्या आशाताईने घरी आणून दिल्या होत्या. त्या तशाच डब्यात पडलेल्या. का, तर सासूबाई म्हणाल्या, "त्या गोळ्यांनं संडास काळी होते, पोट्टंही काळं होईल." त्याऐवजी सुनेला उसनवारी करून केशर-दूध चालू होते. सासू वाईट नव्हती. सुनेसाठी पदरमोड करणारी बाई होती. तिला फक्त कोणी नीट सांगितले नव्हते.

म्हणून इथे सांगते. लोहाच्या गोळीने संडास काळी होते, कारण न पचलेले लोह बाहेर पडते. त्याचा बाळाच्या रंगाशी काडीचाही संबंध नाही. बाळाचा रंग आईबापाच्या वंशातून ठरतो, केशराने तो बदलत नाही. जन्मतः लालगोरे दिसणारे बाळ काही आठवड्यांत आपल्या मूळ रंगावर येते, तेव्हाही कुणाची नजर लागलेली नसते. उलट, गोळ्या न घेतल्याने आईचे रक्त कमी राहिले, तर बाळ वजनाने कमी भरू शकते, आणि बाळंतपणात एरवी सोसवेल एवढा रक्तस्रावही अशा आईच्या जिवावर बेततो. रंगाच्या भीतीने आपण आईचा जीव पणाला लावतो.

करायचे काय?

उपदेश पुरे. कामाच्या गोष्टी सांगते, कात्रण काढून ठेवावे.

१. ज्या क्रीमवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, तारीख आणि घटकांची यादी नाही, ते चेहऱ्याला लावू नये, कितीही स्वस्त असो आणि कुणीही दिलेले असो. यादीत पारा, मर्क्युरी किंवा कॅलोमेल असे नाव दिसले तर लगेच बंद करावे.

२. 'आठ दिवसांत गोरे' असे कोणी सांगितले तर त्यात स्टिरॉइड किंवा पारा असण्याचा संशय धरावा. साधे क्रीम इतक्या झपाट्याने रंग बदलत नाही.

३. स्टिरॉइड फार दिवस लावले असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टरांना ट्यूब दाखवावी. ते हळूहळू कमी करून सोडवतात. लाजू नये.

४. असे क्रीम लावणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीची तपासणी त्वरित करावी. सरकारी दवाखान्यात ती सहज होते.

५. मुलगी उजळली असे वाटले तर कौतुक करण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे.

६. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लोहाची गोळी घ्यावी, बाळंत झाल्यावरही आणखी १८० दिवस. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घ्यावी.

७. औषध दुकानदार बंधूंना हात जोडून विनंती, की स्टिरॉइडचे मलम चिठ्ठीशिवाय देऊ नका. पन्नास-साठ रुपयांची विक्री गेली तर तुमचे दुकान बुडणार नाही, पण एखाद्या मुलीचा चेहरा वाचेल.

८. आणि संपादक महाशयांनाही एक विनंती. वधू-वरांच्या जाहिरातींतून 'गोरी' हा शब्द आपण गाळू शकाल का? जाहिरात देणाऱ्यांना सुचवून तर पाहा.

ज्यांच्या घरी मुलगा लग्नाचा आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. मुलगी पाहायला जाल तेव्हा तिच्या रंगाकडे बघण्याऐवजी तिच्या रक्ताचा विचार करा. तुमच्या घरात येऊन ती शेत सांभाळणार आहे, लेकरे वाढवणार आहे. तिथे गोरेपणा कामाला येत नाही, ताकद येते.

पहिल्या मुलीचे काय झाले ते सांगून थांबते. तिचे मलम आम्ही हळूहळू सोडवले. पहिले दोन महिने फार कठीण गेले. चेहरा भडकायचा, ती रडायची, पुन्हा ट्यूब मागायची. आता आग पुष्कळ कमी आहे, मुरूम गेले आहेत, पण शिरा अजून दिसतात. त्या पूर्ण जातील की नाही, मी सांगू शकत नाही. मागच्या खेपेला उठताना तिची माय दारातून मागे वळली. हीच बाई आठ महिने लेकीच्या रंगासाठी देवाला नवस बोलत होती. मला हळूच म्हणाली, "बाई, पोरीचा पयल्यासारखा रंग येईन का जी? सावळाच बरा होता."